बॅटीवरचा शिक्का आणि प्रशिक्षकाचा शब्द

डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन खेळावयास उतरला. चेंडू खराब होतो अशी तक्रार झाली, खेळ थांबला आणि अखेर लिलीने ती बॅट रागाने मैदानातच भिरकावली. पुढे क्रिकेटच्या नियमांनी बॅट लाकडाचीच असावी असे स्पष्ट करून हा प्रश्न कायमचा मिटविला. अमेरिकेतील शालेय बेसबॉलने मात्र नेमका उलट मार्ग स्वीकारला. लाकडी बॅट वारंवार मोडते आणि धातूची टिकते, हा शाळांचा साधा हिशेब होता. त्या हिशेबाने १९७० च्या दशकात धातूच्या बॅटी आल्या आणि त्यांच्यामागोमाग एक नवी जबाबदारीही आली.

लाकडी बॅट भरीव असते. चेंडू तिच्यावर आदळला की तो क्षणभर चेपतो आणि त्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते. धातूची बॅट आतून पोकळ असते. तिची पातळ भिंत स्वतः किंचित आत दबते आणि स्प्रिंगप्रमाणे चेंडूला पुन्हा बाहेर लोटते. त्यामुळे चेंडू अधिक वेगाने परततो आणि त्याच्या वाटेत सर्वांत जवळ उभा असतो तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा मुलगा. त्याची चेंडू टाकण्याची जागा फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर असते. चेंडू टाकताना झेपावल्यामुळे हे अंतर आणखी कमी होते. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण क्वचितच असते आणि सावरण्यासाठी त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो.

ही भीती काल्पनिक नाही. २००३ साली माँटाना राज्यात ॲल्युमिनियमच्या बॅटीवरून आलेला चेंडू डोक्यावर बसून १८ वर्षांचा एक पिचर मरण पावला. २००९ मध्ये तेथील ज्यूरीने निर्मात्या कंपनीने त्याच्या कुटुंबाला ८ लाख ५० हजार डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. बॅट सदोष असल्याचे ज्यूरीने मानले नाही. धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, हा ठपका मात्र कंपनीवर ठेवला. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराने माध्यमिक शाळांच्या सामन्यांतून धातूच्या बॅटी हद्दपार केल्या.

अमेरिकेतील राज्य माध्यमिक शाळा संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने सरसकट बंदीऐवजी मोजमापाचा मार्ग निवडला. १ जानेवारी २०१२ पासून भरीव लाकडाखेरीज प्रत्येक बॅटीवर ‘बीबीकॉर .५०’ हे प्रमाणचिन्ह असणे बंधनकारक झाले. चेंडू आणि बॅट यांच्या टकरीत परस्परसापेक्ष वेगाचा किती हिस्सा परत मिळतो, याचे हे माप आहे. त्याची मर्यादा अशी ठरविली आहे की बॅट लाकडाच्या जवळपास वागावी. लांबी ३६ इंचांहून अधिक नको आणि जाडी २ पूर्णांक ५/८ इंचांहून अधिक नको. लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांतील फरकही ३ पेक्षा जास्त नको. म्हणजे ३३ इंचांची बॅट किमान ३० औंसांची हवी. फार हलकी बॅट फार वेगाने फिरते, हे त्यामागचे कारण.

खरी कसोटी अंमलबजावणीची आहे. सामन्यापूर्वी दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक पंचांसमोर उभे राहतात आणि आपले सर्व खेळाडू नियमानुसार सज्ज आहेत अशी हमी देतात. नंतर एखादा मुलगा नियमबाह्य बॅट घेऊन फलंदाजीच्या चौकटीत नुसता शिरला तरी तो बाद. फटका मारल्यावर, पण पुढचा चेंडू पडण्यापूर्वी बॅट पकडली गेली, तर शिक्षा घ्यावी की घडलेला खेळ मान्य करावा, याची निवड प्रतिपक्ष करतो. त्याच वेळी हमी देणाऱ्या प्रशिक्षकालाही शिक्षा होते. पहिल्या वेळी उर्वरित सामनाभर त्याने बाकावरच बसून राहायचे आणि दुसऱ्या वेळी मैदान सोडायचे.

काहींना हे अन्यायाचे वाटते. बॅट बहुधा पालक विकत घेतात. ती शेकडो डॉलरांची असते आणि मुलगा ती घरून आणतो. मग प्रशिक्षकाने का भोगावे? शिवाय चिन्ह, लांबी आणि जाडी डोळ्यांना दिसतात, पण आत काय केले आहे ते दिसत नाही. बॅटीचे टोक काढून आतली भिंत खरवडली किंवा कंपोझिटची बॅट रुळांमध्ये दाबून सैल केली, तर बाहेरचा शिक्का तसाच राहतो आणि बॅट मात्र निराळी होते. कंपोझिटच्या बॅटी वापराने अधिकच जोरकस होतात असे आढळल्यावर महासंघाला २०१० साली त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले. महाविद्यालयीन सामन्यांत बॅट दाबून पाहण्याचे उपकरण वापरले जाते. शाळेच्या पंचाजवळ बहुतेक वेळा आपले डोळे आणि हात एवढेच असतात.

तरीही हा नियम योग्य आहे, असे माझे मत आहे. बँकेतील दीर्घ नोकरीत मी एक गोष्ट पाहिली. कर्जदाराने भरून दिलेले मालाचे विवरणपत्र कितीही नेटके असले, तरी गोदामात जाऊन पोती मोजणारा अधिकारी लागतोच. तो जाणार हे ठाऊक असले की विवरणपत्रही काळजीपूर्वक भरले जाते. प्रशिक्षकाच्या हमीला किंमत येते ती अशीच. तोंडी दिलेल्या शब्दामागे स्वतःचे नुकसान उभे असले, की तो सामन्याच्या आधी प्रत्येक बॅट हातात घेऊन पाहतो, हलवून तिचा आवाज ऐकतो आणि ‘ही कोठून आणली?’ असे मुलाला विचारतो. खरवडलेली बॅट ओळखण्याची सर्वाधिक शक्यता त्यालाच असते, कारण सरावात रोज तिचा फटका तो पाहत असतो. पंचाला ही संधी मिळत नाही.

पालकांची जबाबदारीही येथेच येते. चार फूट पुढे जाणाऱ्या फटक्यासाठी बॅटीशी खेळ करून घेणारा बाप समोरच्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आणत नाही. दुकानदाराने खात्री दिली, शिक्का आहे, इतर मुलेही वापरतात, ही उत्तरे पंचासमोर चालत नाहीत आणि चालू नयेत. पुढच्या सामन्यात त्याचाच मुलगा पिचर असू शकतो आणि तेव्हा समोरच्या संघाच्या बॅटी कोणी नीट तपासल्या आहेत की नाहीत, यावर त्याची सुरक्षितता अवलंबून असेल.