चव नेमकी कळते कुठे? जिभेला की नाकाला?



पावसाळ्यात पाड्यांवर गृहभेटी देताना आयांची एक तक्रार हमखास कानी येते : "ताई, पोरगं काही खातच नाही." पोराचे नाक वाहत असते. आई पेजेची वाटी पुढे करते आणि ते तोंड फिरवते. मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते हट्टी झाले. पुष्कळदा खरे कारण त्या बंद नाकात असते. ते समजण्यासाठी चव कशी कळते हे थोडे पाहू.

जिभेचे काम

आरशात जीभ पाहिली तर तिच्यावर बारीक उंचवटे दिसतात. त्यांपैकी काहींमध्ये रुचिकलिका असतात. एका रुचिकलिकेत साधारण ५० ते १०० पेशी असतात. अन्न लाळेत विरघळले, की त्याचे कण या पेशींपर्यंत पोहोचतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जातो. म्हणूनच कोरड्या जिभेला साखरही गोड लागत नाही. या पेशी साधारण दहा दिवसांनी नव्या होतात. त्यामुळे गरम चहाने पोळलेल्या जिभेला काही दिवसांत पुन्हा चव येते.

जिभेला मुख्यतः पाचच चवी कळतात : गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी हे नाव जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये दिले. सुकट, अळिंबी, पिकलेला टोमॅटो यांत ही चव असते. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू, असा नकाशा अनेकांनी पाहिला असेल. तो चुकीचा आहे. जिभेच्या ज्या भागांत रुचिकलिका आहेत, तिथे सगळ्याच चवी कळतात. तिखट मात्र चव नव्हे. मिरची जिभेवरच्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या तंतूंना चेतवते, म्हणून आग होते.

कडू का नको वाटते?

कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आपल्या शरीरात आहेत. अनेक विषारी वनस्पती कडू असतात, म्हणून ही जणू राखणदारी आहे. तान्हे बाळही कडू थुंकून टाकते. रानातला कडूकंद काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून, कडवटपणा गेल्यावरच खाण्याची जुनी रीत याच जाणिवेवर उभी आहे.

पण हा राखणदार प्रत्येक वेळी जागा नसतो. काही अत्यंत विषारी अळिंबींना कडू चव नसते. त्या शिजवल्याने विष जात नाही आणि उलट्या-जुलाब कित्येक तासांनी सुरू होतात. तेव्हा अनोळखी अळिंबी चाखूनही पाहू नये.

नाकाचे काम

एक प्रयोग करून पाहा. नाक चिमटीत धरा आणि बडीशेप चावा. थोडे गोड लागेल, बस. आता नाक सोडा. लगेच बडीशेपेचा स्वाद तोंडभर पसरेल.

असे होते, कारण घासातून निघणारा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो. नाकाच्या आत अगदी वरच्या बाजूला वास ओळखणाऱ्या पेशींचा छोटासा पट्टा आहे. तिथे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. एकच वास त्यांतल्या अनेकांना जागे करतो आणि त्या जुळणीवरून मेंदू मोहाचे फूल कोणते, कुजलेला मासा कोणता हे ओळखतो. हे ग्राहक घडवणाऱ्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वासाचा निरोप मेंदूतल्या आठवण आणि भावना यांच्या केंद्रांजवळ पोहोचतो, म्हणून एखाद्या वासाने माहेर आठवते.

थोडक्यात, आपण ज्याला जेवणाचा स्वाद म्हणतो, त्याचा मोठा भाग नाकाचा असतो. सर्दीत ही वाट बुजते आणि पेज नुसती पांचट लागते.

घरी काय करावे?

१. जेवणाआधी मुलाचे नाक स्वच्छ करावे. दवाखान्यातून मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब उपयोगी पडतात.

२. अन्न कोमट द्यावे. कोमट अन्नाचा वास अधिक येतो. थोडे-थोडे, पण पुन्हा पुन्हा भरवावे. जबरदस्ती करू नये.

३. नवा पदार्थ एकदा नाकारला म्हणून सोडू नये. काही मुले आठ-दहा वेळा दिल्यावर तो स्वीकारतात.

४. जुलाबात शरीरातले झिंक कमी होते. झिंक कमी पडले की भूक आणि चव दोन्ही मंदावतात. आरोग्यसेविकेने दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्यात.

५. मुलासमोर चुलीचा धूर आणि तंबाखूचा धूर टाळावा. दोन्हींनी नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराला त्रास होतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. नाक मोकळे आहे, तरीही अंगाने खंगलेले मूल खायला नकार देते, तर तो हट्ट नव्हे. कुपोषित मुलाची भूक मरणे हे धोक्याचे लक्षण आहे. श्वास जलद चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा मूल सुस्त पडले असेल, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी, त्याच घटकेला आशाताईंना कळवावे आणि मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे.