मैदान सुटतं की सोडवलं जातं?

मुलगी नववीत गेली आणि तिचा खो-खो मीच बंद केला. ‘दहावी होऊ दे, मग खेळ,’ म्हणालो. संध्याकाळी क्लास, परतेपर्यंत अंधार. धाकट्या भावाचं क्रिकेट मात्र चालूच राहिलं. यात काही वावगं आहे, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

मुलं वयात आली की आळशी होतात, असं आपण सहज म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयात रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी. संघटनेने २०१९ मध्ये १४६ देशांतल्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे इथे कमी पडत होते. एकट्या आळसाने हा फरक कसा पडेल? पाळी, कपडे, लोकांच्या नजरा, घरकाम आणि आम्हा आईबापांची भीती, हे सारं मुलींच्याच वाट्याला येतं.

दहावी झाली. ‘आता जा खेळायला,’ मी म्हणालो.

‘बाबा, आता कोणाबरोबर?’

तिच्या संघातल्या साऱ्याजणी केव्हाच घरी बसल्या होत्या.