नळींतील पेचदार खांचा

शस्त्र बदललें कीं युद्ध बदलतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु शस्त्र बदलून गेलें तरी सेनापतीचें शिक्षण जुनेंच राहतें, आणि त्याची किंमत शिपायास द्यावी लागते, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्ध (१८६१-६५) हें याचें मोठें दुःखद उदाहरण होय.

नेपोलियनच्या काळीं बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षां बारीक. ती खडखडत बाहेर पडे, आणि शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणें व्यर्थ होई. म्हणून पलटणी खांद्यास खांदा लावून जवळ जात, एकदम बार काढीत व संगिनी घेऊन तुटून पडत. नळीस पेचदार खांचा पाडल्या तर गोळी भोंवऱ्यासारखी फिरत सरळ जाते, हें ज्ञान जुनेंच होतें. पण घट्ट गोळी ठोकून भरण्यास फार वेळ लागे. १८४९ च्या सुमारास क्लोद मिनिये या फ्रेंच अधिकाऱ्यानें तोड काढली. त्याची गोळी टोकदार, बुडाशीं पोकळ व किंचित् बारीक असल्यामुळें सहज आंत सरके. बार उडतांच दारूच्या वायूनें तिचें बूड फुगून खांचांत घट्ट बसे. एवढ्याशा युक्तीनें शिपायाचा मारा तिपटीच्या घरांत गेला. १८५३ ची एन्फील्ड रायफल याच जातीची. तिच्या काडतुसांवरून १८५७ सालीं आपल्या देशांत काय पेटलें, तें सांगावयास नको. तीच बंदूक पुढें अमेरिकेंतील दोन्ही पक्षांनीं लाखांनीं विकत घेतली.

३ जुलै १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें जनरल ली यानें सुमारें १२,५०० शिपाई उघड्या शेतांतून जवळजवळ पाऊण मैल रांगा धरून पुढें पाठविले. समोर दगडी गडग्यामागें रायफली होत्या, तोफाही होत्या. घटकाभरांत सुमारें निम्मे लोक ठार, जखमी अथवा कैद झाले. ली मूर्ख खास नव्हता. पण तो गुळगुळीत नळीच्या युद्धविद्येंत वाढलेला होता. त्या रांगांत आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांएवढीं मुलें होतीं.

आगगाडीनेंही युद्धाचें रूप पालटलें. त्याच वर्षीं उत्तरेच्या सरकारानें सुमारें वीस हजार सैन्य व्हर्जिनियांतून टेनेसीकडे बाराशें मैल अवघ्या दोन आठवड्यांच्या आंत नेलें. तारायंत्रामुळें अध्यक्ष लिंकन वॉशिंग्टनांत बसून रणांगणाची बातमी वाचूं लागले. शिपाई मात्र सेनापतींच्या आधीं शहाणा झाला: त्यानें फावडें उचललें. १८६४-६५ मध्यें पीटर्सबर्गभोंवतीं नऊ महिने खंदकांत युद्ध चाललें.

१८६२ सालीं रिचर्ड गॅटलिंग यानें दांडा फिरवून भराभर गोळ्या झाडणारी तोफ काढली. रोज परत येणारे जखमी व आजारी पाहून त्यास असें वाटलें होतें, कीं एक मनुष्य शंभरांचें काम करूं लागला तर मोठीं सैन्यें लागणार नाहींत व पुष्कळ जीव वांचतील. १ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीपाशीं ब्रिटिश पलटणी पुन्हा रांगा धरून, आपोआप चालणाऱ्या यंत्रबंदुकांसमोर चालून गेल्या. सायंकाळपर्यंत त्यांतील एकोणीस हजारांहून अधिक माणसें मरून पडलीं होतीं.