आधी शहराचा, मग राज्याचा : टेक्सासमधील प्लंबर-परवान्याचा मागोवा

अमेरिकेत प्लंबरला परवाना देण्याचे काम केंद्र सरकारकडे नाही, ते राज्याराज्यांवर सोपवलेले आहे. न्यूयॉर्कसारख्या राज्याने ते पुढे शहरांवर ढकलले, तर टेक्सासने १९४७ मध्ये शहरांच्या हातून काढून स्वतःकडे घेतले. टेक्सासच्या परवान्याला शाळेतला स्फोट, हॉटेलातले दूषित पाणी, चक्रीवादळ आणि हिमवादळ अशा बऱ्याच गोष्टींनी आकार दिला. एकदा तर विधिमंडळातल्या मतभेदांमुळे परवाना देणारे मंडळच मोडीत निघण्याच्या बेतात आले होते.

या परवान्याची मुळे टेक्सासच्या बाहेर, एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या शहरांत सापडतात. घराघरांत नळ आणि संडास आले, पाठोपाठ गटारांचे जाळे आले, आणि गटारातला वायू नळावाटे घरात शिरून घटसर्प नि विषमज्वर पसरवतो अशी समजूत डॉक्टरांपासून गृहिणींपर्यंत सर्वत्र रुजली. १८८१ मध्ये न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन या शहरांसाठी कायदा झाला. प्रत्येक प्लंबरने आरोग्य मंडळाकडे नाव नोंदवायचे, आणि नव्या इमारतीच्या नळकामाचे आराखडे मंडळाने आधी मंजूर करायचे. रोग जंतूंमुळे होतो हे ज्ञान तेव्हा नुकते बाहेर पडत होते. कायद्यामागचे शास्त्र चुकीचे होते, तरी त्यातून निघालेले काम बरोबर निघाले. सांडपाण्याच्या नळाला बाक देऊन त्यात पाणी अडवून धरायचे, म्हणजे वायू वर येत नाही. आपल्याकडच्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप हेच करतो. पण दुसऱ्या मजल्यावरून एकदम पाणी सुटले की खालच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाऊन तो कोरडा पडतो. तसे होऊ नये म्हणून छपराच्या वर उघडा राहणारा हवेचा नळ लागतो. हे दोन्ही ज्याला समजते त्यालाच घरात हात घालू द्यावा, हा परवान्याचा पहिला अर्थ होता. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे. काळ एकच होता आणि काळजीही तीच.

परवान्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये प्लंबरांच्या परीक्षेची सक्ती झाली तेव्हा प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८९५ मध्ये बहुमताने निकाल लागला की सार्वजनिक आरोग्यासाठी अशी परीक्षा घेणे वैध आहे. असहमत न्यायमूर्तींना मात्र त्यात आरोग्यापेक्षा धंदा राखून ठेवण्याची खटपट अधिक दिसली. परीक्षक मंडळावर प्लंबरच बसणार, म्हणजे नव्या माणसाला आत घ्यायचे की नाही हे जुनेच ठरवणार. या शंकेचे निरसन तेव्हाही पुरते झाले नाही. सव्वाशे वर्षांनी टेक्सासच्या विधिमंडळात जो वाद रंगला त्याच्या तळाशी हीच शंका होती.

टेक्सासमध्ये १९४७ पूर्वी परवाना शहराचा असे. एका गावी परीक्षा दिलेल्या माणसाला दुसऱ्या गावी काम मिळाले तर तिथे पुन्हा नव्याने पात्रता सिद्ध करावी लागे. शहराच्या हद्दीबाहेर तर विचारणारे कोणी नव्हते. पूर्व टेक्सासात तेल सापडल्यावर शेतजमिनीत रातोरात वस्त्या उभ्या राहिल्या, तिथे हे प्रकर्षाने दिसले.

न्यू लंडन ही त्यातलीच एक वस्ती. तिथली शाळा तेलाच्या करातून बांधलेली, ग्रामीण भागातल्या सर्वांत श्रीमंत शाळांपैकी एक. मूळ आराखड्यात वाफेवर चालणारी मध्यवर्ती उष्णता-व्यवस्था होती. शाळेच्या मंडळाने ती रद्द करून इमारतभर गॅसचे हीटर बसवून घेतले. १९३७ च्या सुरुवातीला महिन्याचे गॅसचे बिल वाचवण्यासाठी पुरवठादाराशी असलेला करारही मोडला आणि जवळून जाणाऱ्या, तेलविहिरींच्या उरलेल्या गॅसच्या वाहिनीला जोड मारून घेतला. हा गॅस एरवी जाळूनच टाकत असत, त्यामुळे असा जोड घेणे त्या भागात सर्रास चाले आणि कंपन्याही काणाडोळा करत. या गॅसचा दाब कमीजास्त होई. त्याला वासही नव्हता. कुठल्याशा सांध्यातून तो गळत राहिला आणि इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. मुलांची डोकी दुखत होती, पण त्यामागे गॅस असेल अशी शंका कोणाला आली नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी तीनच्या सुमारास कार्यशाळेतल्या शिक्षकांनी लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र चालू केले आणि ठिणगी पडली. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या इतिहासात शाळेतली एवढी मोठी दुर्घटना दुसरी नाही.

काही आठवड्यांतच टेक्सासने गॅसमध्ये उग्र वासाचे रसायन मिसळण्याची सक्ती केली. घरातल्या सिलिंडरमधून आज जो कुबट वास येतो त्यामागे हेच तंत्र आहे. त्याच वर्षी राज्यात अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदाही आला. प्लंबरांच्या कायद्याला आणखी दहा वर्षे लागली. तो आला तेव्हा प्लंबिंगच्या व्याख्येत पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांबरोबर इमारतीतला गॅसचा नळही होता. टेक्सासमध्ये प्लंबर हाच गॅसचाही माणूस, आणि न्यू लंडन आठवले की त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा धडा शिकागोतून आला. १९३३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी शहरात लाखो पाहुणे आले होते. जुन्या नळकामाच्या दोन शेजारी हॉटेलांत पिण्याच्या पाण्याचा सांडपाण्याशी संबंध आला. गळक्या मलवाहिन्या आणि चुकीचे जोड ही त्याची कारणे पुढे सापडली. आमांशाची लागण व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले आणि साथ एका शहरातली आहे हे ओळखायलाच उशीर झाला. १,४०९ रुग्ण आणि ९८ मृत्यू अशी नोंद आहे. पिण्याच्या आणि घाण पाण्याच्या नळांचा असा छेद होऊ न देणे, तसेच दाब उतरल्यावर पाणी उलटे ओढले जाऊ न देणे, हे त्यानंतर देशभरच्या संहितांचे मुख्य कलम झाले. नळाचा व्यास किती असावा याचे गणित त्याच काळात राष्ट्रीय मानक संस्थेतले रॉय हंटर मांडत होते. एका इमारतीतले सगळे नळ एकदम कधीच उघडे नसतात, मग किती पाणी धरायचे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी काढलेला आलेख परीक्षेला बसणारा उमेदवार आजही शिकतो.

या पार्श्वभूमीवर १९४७ मध्ये टेक्सासचा प्लंबिंग परवाना कायदा झाला आणि ऑस्टिन इथे राज्य प्लंबिंग परीक्षक मंडळ बसले. सध्या मंडळावर नऊ सदस्य असतात आणि त्यांची नेमणूक राज्यपाल करतात. एकदा परीक्षा दिली की राज्यात कुठेही काम करता येते, ही प्लंबरच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. कायद्याने काही फटीही ठेवल्या आणि त्या अजून आहेत. पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावात, गावाने स्वतः नियम केला नसेल, तर परवाना लागत नाही. शहरांच्या हद्दीबाहेरही बऱ्याच कामांना सूट आहे. आणि स्वतः राहत्या घराचा मालक आपल्या हाताने पाना फिरवू शकतो. ग्रामीण टेक्सासच्या आमदारांची मने सांभाळल्याशिवाय असा कायदा होणे कठीणच होते. पण न्यू लंडन हेही लहान गावच होते, हे विसरून चालत नाही.

आज हा कायदा राज्याच्या व्यवसाय संहितेच्या १३०१ व्या प्रकरणात आहे. त्यातली परवान्याची शिडी चढायला वर्षे लागतात. तळाशी शिकाऊ उमेदवार. त्याने फक्त नाव नोंदवायचे आणि परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करायचे. चार हजार तास भरले की मर्यादित कारागिराची परीक्षा देता येते आणि ती उत्तीर्ण झालेल्याला एक-दोन कुटुंबांच्या घरांपुरते काम करता येते. ही पायरी नंतर घातलेली आहे. आठ हजार तासांवर, म्हणजे पूर्णवेळ राबल्यास चारेक वर्षांवर, जर्नीमन म्हणजे पुरता कसबी कारागीर. जर्नीमन होऊन चार वर्षे झाली की मास्टर. मान्यताप्राप्त उमेदवारी-योजना पुरी केलेल्याला मात्र मास्टरच्या परीक्षेसाठी वर्षभर थांबले तरी पुरते.

परीक्षा लेखी असते आणि हाताचीही. जर्नीमनच्या उमेदवारापुढे दुमजली घराचा लहानसा लाकडी सांगाडा ठेवतात. त्यात त्याने प्लास्टिकचे नळ कापून, जोडून सांडपाण्याची आणि हवेची वाट बसवून दाखवायची. वरच्या मजल्यावरच्या टबाचा हवेचा नळ कुठे वर न्यायचा, कुठला आडवा नळ किती उताराचा, कुठे कोणता जोड चालतो आणि कुठे चालत नाही, हे सगळे त्या खेळण्याएवढ्या घरात उघडे पडते. पुस्तक पाठ करून आलेला इथे अडतो. नुसत्या हाताच्या सवयीवर आलेला लेखी परीक्षेत अडतो.

मास्टर झाले तरी कंत्राट घेता येतेच असे नाही. त्यासाठी जबाबदार मास्टर प्लंबर म्हणून वेगळी नोंद हवी, तीन लाख डॉलरच्या विम्याचे प्रमाणपत्र हवे, आणि आपला परवाना एकाच कंपनीपुरता वापरायचा अशी अट आहे. कंपनीच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना कंपनीचे नाव आणि परवाना क्रमांक किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. या तपशिलामागे जुना अनुभव आहे. परवाना एकाचा आणि काम भलत्याचेच, सही करणारा कधी कामावर फिरकलेलाच नाही, हा प्रकार जिथे परवाना आहे तिथे सगळीकडे चालतो. गाडीवरच्या क्रमांकामुळे शेजारच्या माणसालाही तक्रार कोणाविरुद्ध करायची ते कळते.

परवाना मिळवण्यापेक्षा तो टिकवणे सोपे, पण त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मुदत वर्षाची असते. नूतनीकरणाआधी दरवर्षी सहा तासांचा वर्ग करावा लागतो, आणि त्यातले निम्मे तास आरोग्यरक्षण, ऊर्जाबचत आणि पाणीबचत या विषयांना राखून ठेवलेले असतात. मुदत संपून नव्वद दिवस व्हायच्या आत अर्ज केला तर शुल्काच्या निम्मा दंड, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत शुल्काइतकाच दंड. दोन वर्षे उलटली की परवाना संपला. वीस वर्षे नळ जोडलेल्या माणसालाही मग पुन्हा परीक्षेला बसावे लागते. हे कठोर वाटते खरे. पण संहिता दर काही वर्षांनी बदलते, आणि जुन्या संहितेवर पोसलेला अनुभव अनेकदा नव्या भिंतीत जुनी चूक गाडतो.

२०१९ मध्ये परवान्याची नव्हे, मंडळाचीच मुदत संपण्याची वेळ आली. टेक्सासमध्ये १९७७ पासून असा नियम आहे की सरकारी मंडळांचा ठराविक वर्षांनी आढावा घ्यायचा, आणि विधिमंडळाने मुदत वाढवली नाही तर ते मंडळ आपोआप बरखास्त. आढावा घेणाऱ्यांनी प्लंबिंग मंडळाच्या कामातल्या दिरंगाईवर बोट ठेवले आणि त्याचे काम परवान्यांच्या सामायिक खात्याकडे सोपवावे अशी शिफारस केली. तिथे न्हाव्यांपासून वीजतंत्रींपर्यंत अनेकांचे परवाने एकाच छपराखाली निघतात. प्लंबरांना हे मुळीच रुचले नाही. आपले काम आरोग्याचे, ते इतरांच्या रांगेत का, असा त्यांचा सवाल होता. १८९५ चाच वाद नव्या कपड्यांत उभा राहिला. एक बाजू धंद्याच्या राखणदारीवर बोट ठेवत होती, दुसरी आरोग्यावर. या ओढाताणीत विधेयक पडले आणि मे अखेरीस अधिवेशन संपले. टेक्सासचे विधिमंडळ एरवी विषम वर्षांत एकशेचाळीस दिवसच बसते.

मंडळाबरोबर परवान्याचा राज्यस्तरीय कायदाही जाणार होता. सुमारे ५८ हजार परवानाधारक आणि नोंदणीकृत कारागीर अधांतरी लटकले. प्रत्येक शहराने आपापला नियम करायचा, म्हणजे १९४७ पूर्वीची स्थिती परत येणार होती. शेवटी १३ जून २०१९ रोजी राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी आपत्कालीन अधिकार वापरून मंडळाला पुढच्या अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ३१ मे २०२१ पर्यंत, जीवदान दिले. कारण दाखवले ते २०१७ च्या हार्वी चक्रीवादळाचे. पुरात बुडालेली घरे अजून दुरुस्त होत आहेत, अशा वेळी पात्र प्लंबर हवेत. दोन वर्षांपूर्वीच्या वादळाने मंडळ वाचवावे ही युक्ती थोडी ओढूनताणून आणलेली होती, पण ती चालली.

पुढचे अधिवेशन सुरू असतानाच खरोखर वादळ आले. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यास टेक्सास गोठले, वीज गेली, आणि घरांच्या भिंतींतले, माळ्यावरचे नळ फुटले. उष्ण प्रदेशात नळ थंडीसाठी झाकून घेण्याची रीत नव्हती. दुरुस्तीला लागणारे हात राज्यात पुरेनात. राज्यपालांनी नियम शिथिल केले. बाहेरच्या राज्यांतल्या परवानाधारकांना तात्पुरते परवाने दिले गेले, आणि अलीकडे मुदत संपलेल्या कारागिरांना परत येण्याचा मार्ग सोपा केला. १९३३ आणि १९३७ च्या संकटांनंतर नियम आवळले गेले होते. या संकटात मात्र तेच नियम सैल करून काम भागवावे लागले. फुटलेल्या नळापुढे अट कोणती सोडायची आणि कोणती नाही, हे मंडळाला काही दिवसांत ठरवावे लागले, आणि बाहेरच्या माणसाकडे त्याच्या राज्याचा परवाना हवाच ही अट शेवटपर्यंत सोडली नाही. त्याच अधिवेशनात विधिमंडळाने मंडळ कायम ठेवणारा कायदा मंजूर केला आणि परवाना राज्याकडेच राहिला.