वेल्डिंगनंतरचा ताप : ऊन लागलं की धूर लागला?

उन्हाळा आला की जळगाव-धुळ्यात फॅब्रिकेशनच्या दुकानांत कूलरचे स्टँड, पत्र्याचे शेड यांची कामं निघतात. आपल्या वस्तीतली कितीतरी मुलं एमआयडीसीत किंवा रस्त्याकडेच्या दुकानांत वेल्डिंग करतात. दिवसभर चांगला असलेला मुलगा रात्री थंडीने कुडकुडतो, अंग फणफणतं, घसा कोरडा पडतो, तोंडाला धातूची चव येते. घरचे म्हणतात, ‘ऊन लागलं.’ पण आज जीआय पाइप किंवा जीआय पत्रा जोडला होतास का, हे कोणी विचारत नाही.

जीआय म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणून वेल्डिंग सुरू होताच जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की साधारण ४ ते १० तासांनी ताप भरतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. रोज धूर घेणाऱ्याला काही दिवस त्रास जाणवत नाही, पण आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की पुन्हा ताप येतो. ‘सवय झाली’ हा गैरसमज आहे.

दूध प्यायलं की धूर बाधत नाही, असं बरेच कारागीर मानतात. दूध पोटात जातं, धूर फुफ्फुसात. दुधाने धूर अडत नाही.

मग काय करायचं?

• जोडाच्या दोन्ही बाजूंचा सुमारे १ इंच मुलामा आधी ग्राइंडरने काढा. तेव्हाही चष्मा आणि मास्क हवाच.
• पाइपच्या आतला मुलामा निघत नाही, त्यामुळे थोडा धूर होणारच. काम उघड्यावर करा. वारा किंवा पंखा बाजूने असावा, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. जोडावर वाकून उभं राहू नका.
• रुमाल बांधून हा बारीक धूर अडत नाही. निदान एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवून वापरा. तो मालकाकडे मागायला संकोच कसला?
• काम झाल्यावर जोड साफ करून जस्ताचा रंग लावा, नाहीतर मुलामा गेलेली जागा गंजते.

मुलामा काढण्यात वेळ जातो, असं मालक म्हणेल. त्याला सांगा, मुलाम्यावरच वेल्डिंग केलं तर जोडात छिद्रं राहतात, जोड कच्चा होतो आणि काम परत येतं.

ताप आलाच तर विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या आणि डॉक्टरांना ‘जीआयचं वेल्डिंग केलं होतं’ असं आठवणीने सांगा. हे कळलं नाही तर इलाज भलत्याच आजाराचा होतो. मात्र प्रत्येक ताप धुराचाच समजू नका. दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा. दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकला वाढत गेला तर घरी थांबू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. पगारातून ईएसआयसीची कपात होत असेल तर तिथले उपचार हा तुमचा हक्क आहे.

आयाबहिणींनो, घरात कोणी वेल्डिंग करत असेल तर आज रात्री एवढंच विचारा : मुलामा काढला होता का? मास्क लावला होता का?