काळ्या कागदावर रंगीत पेन्सिल फिकी का पडते? फुलांचा गुच्छ काढण्याआधी हे वाचा

काळ्या कागदावर उजळून दिसणारी फुलांची चित्रं तुम्ही सोशल मीडियावर पाहिली असतील. घरी करून पाहिलं, की मात्र लाल रंग विटकरी दिसतो आणि जांभळा जवळपास गायब होतो. यात दोष हाताचा नाही, कागदाचा रंग वेगळा आहे.

रंग जातो कुठे?

रंगीत पेन्सिलीचा थर पातळ आणि अर्धपारदर्शक असतो. पांढऱ्या कागदावर उजेड या थरातून आत जातो, कागदावरून परततो आणि रंग खुलतो. काळा कागद तोच उजेड शोषून घेतो. म्हणून आधी पाकळीवर पांढऱ्या पेन्सिलीचा थर द्यायचा आणि त्यावर रंग चढवायचा.

गुच्छात कोणती फुलं?

गुलाब सगळेच काढतात. पण मुलुंडच्या आसपास अर्थ असलेली फुलं कमी नाहीत.

कारवी: मुलुंडला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत ही वाढते. साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. अनेक प्रयत्नांनंतर परीक्षा पास झालेल्या मित्राला याहून नेमकं फूल कोणतं?

ताम्हण: म्हणजेच जारूळ, महाराष्ट्राचं राज्यफूल. उन्हाळ्यात जांभळं फुलतं. राज्याबाहेर निघालेल्यांसाठी.

तेरडा: ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण म्हणतो. पण याच तेरड्याच्या रोपांची अनेक घरांत गौर म्हणून पूजा होते. थोडे दिवस राहून घर भरून टाकणाऱ्या पाहुण्यासाठी.

बकुळ: सुकल्यावरही वास टिकतो. ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथे शब्दांऐवजी हे फूल देता येतं.

प्राजक्त: रात्री फुलतो, पहाटे गळतो. पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठ काळ्या कागदावर सर्वांत सहज उठतात. सुरुवात यापासून करा.

ही फुलं वेगवेगळ्या ऋतूंत येतात, त्यामुळे कोणताही फुलवाला ती ताजी एकत्र बांधून देऊ शकत नाही. कागदावर ते जमतं. 17व्या शतकातले डच चित्रकारही गडद पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकाच फुलदाणीत रंगवत. इंग्लंडच्या मेरी डेलनी यांनी तर वयाच्या सत्तरीनंतर काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागद कापून चिकटवत जवळपास 1,000 वनस्पतींची चित्रं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

कसं काढायचं?

1. रेखाटन पांढऱ्या पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं करा. शिसपेन्सिल काळ्यावर चमकते आणि नंतर त्रास देते.

2. जिथे उजेड पडतो तिथेच पांढरा थर द्या. सावलीची जागा कोरी सोडा, तिथे कागदच सावली होतो.

3. त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ थर द्या. सुरुवातीलाच जोर दिला तर मेणाचा गुळगुळीत थर बसतो आणि पुढचा रंग धरत नाही.

4. पाकळीच्या कडेचा उजळ ठिपका शेवटी द्या.

5. हाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर पांढरी भुकटी सगळीकडे पसरते.

चित्र भेट देणार असाल, तर मागे प्रत्येक फुलाचं नाव आणि ते का निवडलं ते एका ओळीत लिहा. फ्रेम थेट उन्हात लावू नका, बरेच गुलाबी आणि जांभळे रंग उन्हानं लवकर उडतात.