सेशेल्स : परदेशी कर्जाच्या बदल्यात समुद्राचे संरक्षण

सेशेल्स हा हिंदी महासागरातील ११५ बेटांचा देश आहे. लोकसंख्या सुमारे १ लाख, म्हणजे आपल्याकडील अनेक तालुक्यांपेक्षाही कमी. जमीन अवघी ४५५ चौ. किमी असली तरी देशाच्या हक्काचा समुद्र १३ लाख चौ. किमीहून मोठा आहे. उत्पन्न मुख्यतः पर्यटन व मासेमारीचे. १९९८ मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने आतील बेटांभोवतीचे बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले. प्रवाळ गेले की मासळी हटते आणि मासळी हटली की चुलीवर परिणाम होतो.

संरक्षणाची इच्छा होती. स्वच्छ पर्यावरणाचा हक्क १९९३ च्या राज्यघटनेतच (कलम ३८) दिलेला आहे. अडचण पैशाची होती, कारण देशावर परदेशी कर्ज होते.

कर्जाची अदलाबदल म्हणजे काय?

(‘डेट स्वॅप’ला मराठीत रुळलेला शब्द नाही, म्हणून येथे ‘अदलाबदल’ म्हटले आहे.) २०१६ मध्ये सुमारे २.१६ कोटी डॉलरचे कर्ज ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या मदतीने थोड्या सवलतीत विकत घेण्यात आले. कर्ज माफ झाले नाही, हे नीट लक्षात घ्यावे. सरकारला हप्ते भरावेच लागतात, पण ते आता परदेशी सरकारांऐवजी ‘सेकॅट’ या देशातीलच न्यासाकडे जातात. न्यास त्यातून मदतीसाठी घेतलेले ऋण फेडतो आणि उरलेली रक्कम संवर्धनाच्या कामांना व भविष्यासाठीच्या निधीला देतो.

या बदल्यात सरकारने ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे वचन दिले. पूर्वी हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. मार्च २०२० मध्ये वचन पूर्ण झाले. साधारण निम्म्या संरक्षित भागात मासेमारीला मनाई आहे, तर उरलेल्या भागात नियम पाळून व्यवसाय करता येतो. जगातील सर्वाधिक महाकाय कासवे असलेले अल्दाब्रा बेट व त्याभोवतीचा समुद्र मनाईच्या भागात येतो.

लाभ कोणाला?

न्यास अर्ज मागवून स्थानिक नागरिक, संस्था व व्यावसायिकांना अनुदान देतो. २०१८ मध्ये सरकारने दीड कोटी डॉलरचे ‘निळे रोखे’ काढले. त्यातील ३० लाख डॉलर याच न्यासामार्फत अनुदानासाठी, तर १ कोटी २० लाख डॉलर देशाच्या विकास बँकेमार्फत कर्जासाठी ठेवण्यात आले.

नकाशावर रेघ ओढणे सोपे आहे. एवढ्या समुद्रावर गस्त घालणे मात्र लहान देशाला जड जाते. बंदी कोठे घालायची यावर मच्छीमारांशी चर्चा २०१४ पासून सुरू होती. इतकी वर्षे लागली, पण आमच्या मते योजनेतील सर्वांत महत्त्वाचे काम हेच होते. ज्याचे जाळे उचलायचे, त्याला आधी विचारलेच पाहिजे.

जमिनीवरील नियमही कडक आहेत. फकिरांच्या हातातील कश्कूल ज्या दर्याई नारळाचे असते, तो नैसर्गिकरीत्या फक्त याच देशात उगवतो. तो बाहेर नेण्यासाठी शासकीय परवाना लागतो.